हिरवी खूण

सोमवार, १८ सप्टेंबर २००६

राउड बाईंनी बोलावलं. हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर, पण बोलतात शाळेतल्या बाईंसारख्या. "तार्वो, उद्या आपला एखादा सर्व्हर जळाला, तर किती वेळात परत उभा कराल?"

मी म्हटलं, "कुठला जळतो त्यावर आहे."

"म्हणजे माहीत नाही."

म्हणजे माहीत नाही! खरंच नाही माहीत. तीन सर्व्हर आहेत — पेशंटांच्या नोंदींचा, प्रयोगशाळेचा, औषधांचा. तिघांचा बॅकअप रोज टेपवर उतरतो, टेप मी कपाटात ठेवतो, कपाटाला कुलूप लावतो आणि घरी जातो. त्या टेपवरून सबंध सर्व्हर परत उभा करून कधी बघितलाय? नाही. बघायला दुसरं मशीनच नव्हतं. आता बाईंनी एक मोकळं मशीन मिळवलंय. दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासायची — एक फिनलंडच्या मोठ्या कंपनीचं, 'वक्का', आणि एक इथल्याच, एस्टोनियातल्या तार्तूच्या चार जणांच्या कंपनीचं, 'आइत', म्हणजे कोठार. मी जे म्हणेन ते घेणार. अहवाल नोव्हेंबरात.

फिनलंड हा शब्द बाईंनी सहज उच्चारला. माझ्या आत मात्र काहीतरी हललं. हल्ली हवामानाच्या बातम्यांतसुद्धा हलतं. हेलसिंकीत पाऊस आहे म्हटलं की वाटतं, तिनं छत्री नेली असेल का.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

माइरे आज येणार! बसनं टाल्लिनला जातोय. बोट सातची.

रविवार, २४ सप्टेंबर

गेली. बोट पार लहान होईपर्यंत उभा राहिलो.

दोन वर्षांसाठी गेली होती हेलसिंकीला, नर्स म्हणून. हे चौथं वर्ष. दर पंधरा दिवसांनी येते, शुक्रवारी संध्याकाळी ते रविवारी दुपारपर्यंत. त्यातला अर्धा शनिवार सासूबाई घेतात. या वेळी दोघी मायलेकी अळंबी आणायला जंगलात गेल्या, मी मागून टोपली धरून. पुढे दोघी बोलताहेत, एकसारखं हसताहेत, दोघींचा चालताना खांदा तसाच एका बाजूला. माझ्याशी खूप वेळ कुणी काही बोललं नाही. तरी इतकं बरं वाटत होतं.

शनिवारची सॉना, वाफेची अंघोळ, दोघांनी घेतली. एरवी एकटाच जाऊन बसतो. एकट्यानं त्यात काही राम नाही — घाम काय, लाकडं फोडूनसुद्धा येतो.

हल्ली ती 'हो' फिनिशमध्ये म्हणते. 'या' ऐवजी 'यो'. तिच्या लक्षातही येत नाही. माझ्या येतं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

वक्काचा माणूस आला. वेसा नाव. उंच, हसरा, महाग बूट. सोबत सामन माशाची खारवलेली फाक भेट म्हणून! राउड बाईंनी ती लगेच स्वयंपाकघरात पाठवून दिली, पेशंटांसाठी. वेसाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मी त्याच्याशी फिनिशमध्येच बोललो. लहानपणी त्यांचा टीव्ही बघून शिकलेली फिनिश. म्हणाला, "तुम्ही अगदी आमच्या आजोबांच्या काळातल्या जाहिरातींसारखं बोलता!" दोघंही हसलो.

सॉफ्टवेअर देखणं आहे, हे मान्य करायला हवं. नेटवर्कवरचे तिन्ही सर्व्हर त्यानं आपणहून शोधले. एका पडद्यावर तिघांची नावं, नावापुढे पट्टी सरकत जाते, संपली की हिरवी खूण. दिवसा काम चालू असताना लावलं तरी नेटवर्क हळू झालं नाही. खालच्या मजल्यावरून कुणाचा फोन आला नाही — ही माझी खरी परीक्षा!

गुरुवार, ५ ऑक्टोबर

वक्कावरून औषधांचा सर्व्हर मोकळ्या मशीनवर उभा केला. कोरं मशीन, त्यात काही म्हणजे काही नाही. जेवून आलो तर पडद्यावर आमची औषधांची यादी! मला एकदम भरून आलं. हसू येईल कुणाला. पण नाहीसं झालेलं काहीतरी परत समोर उभं राहतं — हे आयुष्यात किती वेळा बघायला मिळतं?

वेसाला फोन करून सांगितलं. खूश झाला. आम्ही 'तू'वर आलो.

शनिवार, ७ ऑक्टोबर

माइरे घरी. सफरचंदं काढली. काही लिहीत नाही. खाली हसण्याचा आवाज येतोय, तिकडे जातो.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

हे नीट लिहून ठेवतो.

वेसाचा फोन. आधी कामाचं बोलला. मग म्हणाला, "तुझी बायको हेलसिंकीत आहे ना? मागे म्हणालास." मी म्हटलं, हो. "आम्हाला एस्टोनियातल्या ग्राहकांसाठी माणूस हवाय. ऑफिस हेलसिंकीत. तुझी भाषा, तुझा अनुभव — साहेबांशी बोललोय मी. हा सौदा एकदा मार्गी लागला की डिसेंबरात बस येऊन."

मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. दोन्ही का केलं ठाऊक नाही.

"सौद्याशी त्याचा संबंध?" मी विचारलं.

"छे छे! संबंध काय असणार? पण तूच विचार कर, ज्याला आमचं सॉफ्टवेअर आवडत नाही त्याला आम्ही ते विकायला कसं ठेवणार?" आणि हसला. चांगला हसतो.

मला ते आवडलंच आहे की! खोटं कुठे बोलायचंय? जे चांगलं आहे त्याला चांगलं म्हणायचं, आणि त्याच्या पलीकडे माइरे. रोज. शुक्रवार ते रविवार नाही — सोमवारची, मंगळवारची, सर्दी झालेली, चिडलेली, जेवण करपवलेली माइरे.

तिला लगेच फोन लावला. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तू खरं सांगतोयस?" मी म्हटलं, खरं. तिचा श्वास ऐकू येत होता. मग नाक ओढल्याचा आवाज. "ड्यूटीवर आहे मी, ठेवते," म्हणाली. पण ठेवला नाही.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

सासूबाईंना सांगितलं. खालच्या मजल्यावर एकट्या राहतात, वय चौऱ्याहत्तर, जीभ पंचविशीतली. अळंबीच्या बरण्यांची झाकणं घट्ट करत होत्या.

"तुम्ही पण चला, आई."

"मी? त्या शहरात? बटाटे प्लास्टिकच्या पिशवीतून विकत आणून खाऊ?"

"मग तुमचं कसं व्हायचं?"

"माझं काय व्हायचंय? तू येण्याआधी हे घर पडलं होतं का? पायरी तर तू येऊनच मोडलीस." मग पाठ वळवून म्हणाल्या, "पोरीचा आवाज काल वेगळा होता. जा तू."

सोमवार, १६ ऑक्टोबर

माइरेनं घर बघायला सुरुवात केली. आत्ता एका खोलीत राहते. फोनवर सांगत होती — एका घराला छोटा गच्चीवजा सज्जा आहे, तिथं दोन खुर्च्या मावतील, की एकच, मोजून बघते. अर्धा तास खुर्च्यांवर बोललो!

शुक्रवार, २० ऑक्टोबर

वादळ. बोटी बंद. माइरे तिकडच्या बंदरावर, मी इकडच्या. तिनं फोनवरून समुद्राचा आवाज ऐकवला. मी म्हटलं, हा इकडेही ऐकू येतोय, फुकटचे पैसे जाताहेत. तरी दोघांनीही फोन ठेवला नाही.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

तार्तूहून त्रीनू आली, आइतवाली. बसनं, पाठीवर पिशवी, हातात काळ्या पावाचं सँडविच. भेट वगैरे काही नाही. तिशीची असेल. बोलणं कमी. मी विचारलं, "कंपनीत तुमचं काम काय?" म्हणाली, "आज इथं यायचं होतं, ते."

सॉफ्टवेअर कुरूप. काळा पडदा, बारीक अक्षरं. औषधांचा सर्व्हर व्यवस्थित घेतला, नोंदींचा घेतला. वक्कापेक्षा वेळ जास्त. आणि प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर गेल्यावर लाल अक्षरांचा नुसता पाऊस! 'फाईल उघडी आहे, घेता आली नाही. फाईल उघडी आहे, घेता आली नाही.' शेवटी — 'बॅकअप अपुरा.'

"हे काय?" मी जरा जोरातच विचारलं. मनातून बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? एक स्पर्धक गळाला.

"प्रयोगशाळेचा प्रोग्राम त्याची फाईल सोडत नाही. यंत्रं दिवसरात्र त्यात आकडे लिहीत असणार. दोन मिनिटं लिहिणं थांबवायला सांगणारा एक छोटा प्रोग्राम मध्ये घालावा लागेल. तो मला लिहावा लागेल."

"वक्काला नाही लागला."

तिनं माझ्याकडे बघितलं. "असं?" एवढंच म्हणाली, आणि सँडविच उघडलं.

बुधवार, २५ ऑक्टोबर

'असं?' डोक्यातून जात नाहीये.

बुधवार, २५, दुपार

बघितलं. नको होतं बघायला.

वक्काच्या बॅकअपमधून प्रयोगशाळेचा सर्व्हर मोकळ्या मशीनवर उभा केला. उभा राहिला. हिरवी खूण. प्रोग्राम सुरू झाला, खिडकी उघडली, पेशंटांची नावं आली. एका नावावर गेलो — रिकामं. दुसऱ्यावर — रिकामं. सगळ्यांची नावं आहेत, कुणाचे आकडे नाहीत. मग ती मूळ फाईल शोधली. नाव बरोबर, तारीख बरोबर, आत काहीच नाही. शून्य.

उघडी फाईल त्यालाही घेता आलेली नाही. फक्त तो बोलला नाही. रिकामी फाईल ठेवली, वर हिरवी खूण केली.

या महिन्यात मी औषधांचाच सर्व्हर उभा करून बघितला होता. इतर दोघांच्या हिरव्या खुणा बघून पुढे गेलो होतो.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

परत करून बघितलं. तसंच.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

सेटिंग बदलून बघितलं. तसंच. काल माइरेचा फोन आला होता, मी सॉनात असल्याचं सासूबाईंना सांगायला लावलं. "खोटं मला बोलायला लावू नकोस," म्हणाल्या, पण बोलल्या.

सोमवार, ३० ऑक्टोबर

वेसाला सांगितलं. फोनवरच.

"हो, ते माहितीय आम्हाला," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होणार आहे."

"पुढची कधी?"

"वसंतात. उन्हाळ्यात. लवकरच! हे बघ तार्वो, अहवालात 'किरकोळ त्रुटी' म्हणून एक भाग असतोच ना? त्यात टाक. मी लपव म्हणत नाही."

"रिकामी फाईल किरकोळ?"

"तुमचा सर्व्हर उन्हाळ्याच्या आत जळणार आहे का? आजवर जळला कधी?" मग आवाज खाली आणून, अगदी मित्रासारखा — "तुझ्यासाठी टेबलसुद्धा ठरवलंय रे. खिडकीपाशी."

राग यायला हवा होता मला. आला नाही. मी त्या खिडकीतून काय दिसत असेल याचा विचार करत होतो.

गुरुवार, २ नोव्हेंबर

आज गेलेल्यांचा दिवस. सासूबाईंनी खिडकीत मेणबत्त्या लावल्या, सासऱ्यांची एक, त्यांच्या भावाची एक. मी लाकडं घेऊन गेलो तेव्हा अंधारात बसल्या होत्या.

"एकटं राहण्याची सवय करतेय," म्हणाल्या. चेष्टेत. मग: "पंधरा दिवसांनी रक्त तपासायला जायचं असतं मला, ते कोण सांगणार? तू कामावर जाताना आठवण करून द्यायचास."

"मी फोन करीन, आई."

"कर. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आहेत माझ्या, चॉकलेट नाही. मागचा आकडा बघितल्याशिवाय ती प्रयोगशाळेतली पिरेत पुढची गोळी सांगत नाही. वही ठेव म्हणते मी तिला. ती म्हणते, सगळं मशीनमध्ये आहे, लेइदा, काळजी करू नका." आणि माझ्याकडे वळून — "तुझ्याच मशीनमध्ये ना रे?"

मी हो म्हटलं. लाकडं खाली ठेवली. एक पायावर पडलं.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

माइरे आली. घराचे फोटो घेऊन. सज्जा आहे. दोन खुर्च्या मावतात. तिनं मोजलंय!

मी काही सांगितलं नाही.

रविवार, ५ नोव्हेंबर

अजून काही सांगितलं नाही. बोटीवर चढताना तिनं विचारलं, "तुला यायचंय ना?" मी म्हटलं, "हा काय प्रश्न झाला?" ती म्हणाली, "मग तसं दिसू दे की जरा."

मंगळवार, ७ नोव्हेंबर

प्रयोगशाळेत पिरेतकडे गेलो. उगाच. विचारलं, समजा एक दिवसाचे आकडे गेले, तर? ती हातमोजे काढत म्हणाली, "एक दिवसाचे? परत रक्त काढू. ओरडतील लोक."

"आणि मागचे सगळेच गेले तर?"

तिला मी चेष्टा करतोय असं वाटलं. मग वाटेना. "तार्वो, काय झालंय?"

"काही नाही. तपासणी चाललीय."

"मागचे गेले तर आम्ही आंधळे. कुणाचं काय वाढतंय, काय उतरतंय, काहीच कळणार नाही. लेइदांचंच घे—"

"नको," मी म्हटलं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

अहवाल लिहिला. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत: वक्का प्रयोगशाळेच्या सर्व्हरचा बॅकअप घेत नाही आणि घेतला असं सांगतं. म्हणून घेऊ नये. खाली सही.

आइतबद्दल: हळू आहे, दिसायला वाईट आहे, मध्ये घालायचा प्रोग्राम त्रीनू लिहून देईल, मी स्वतः सर्व्हर उभा करून आकडे उघडून बघेन, मग पैसे द्यावेत.

राउड बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलंच नाही. "असंच हवं होतं," म्हणाल्या. मग: "तुम्हाला बरं नाही का?"

बाहेर येऊन जिन्यात बसलो. शाबासकी मिळालेला माणूस इतका रिकामा असतो?

शुक्रवार, १० नोव्हेंबर

मार्डीचा सण. पोरं तोंडाला काजळी फासून गाणी म्हणत दारोदार आली. सासूबाईंनी सफरचंदं दिली, मला नाचायला लावलं. नाचलो.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

वेसाचा फोन. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. "ती जागा सध्या गोठवलीय साहेबांनी." मी म्हटलं, समजलं. तो म्हणाला, "मला वाईट वाटतंय, खरंच." खरंच वाटत असावं. म्हणाला, "सज्जा असलेलं घर बघितलं होतंत ना तुम्ही?" — सांगितलं होतं मी त्याला! काय काय सांगून बसलो होतो!

शुक्रवार, १७ नोव्हेंबर. रविवारी लिहितोय.

बंदरावरच सांगितलं. घरी जाईपर्यंत धीर धरवला नाही. माणसं बॅगा ओढत शेजारून जाताहेत, वारा कानात, आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं — फाईल, हिरवी खूण, अहवाल, गोठवलेली जागा. वाटलं होतं, रडेल. किंवा म्हणेल, बरोबर केलंस. दोन्हींची तयारी केली होती.

ती चिडली!

"केव्हापासून माहीत होतं तुला?"

"पंचवीस तारखेपासून."

"आणि मी सज्जा मोजत होते! तू शेजारी बसून फोटो बघत होतास!"

"अगं, मला वाटलं काहीतरी मार्ग निघेल—"

"तू केलंस ते बरोबरच केलंस, त्याचं मला सांगू नकोस. मी वॉर्डात काम करते, रिकाम्या आकड्यांचं काय होतं ते मला कळतं. आईचे आकडे आहेत त्यात!" मग थांबली. बॅग खाली ठेवली. "मला एवढंच सांग. नोकरी नाही, म्हणून आता तू येणार नाहीस?"

"कसा येऊ? काय करू तिकडे?"

"मी काय केलं होतं? भाषा येत नव्हती मला. पहिले चार महिने म्हाताऱ्यांची अंथरुणं धूत होते."

"पण तू परत येणार होतीस. दोन वर्षांसाठी गेली होतीस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग एकदम हळू बोलली, वाऱ्यात नीट ऐकू येईना, मला वाकावं लागलं. "मला परत यायचं नाहीये, तार्वो. तिकडे मला माझं काम आवडतं. मी तिकडे चांगली असते. पण मला तू हवायस. चार वर्षं मी वाट बघतेय, तू कधी म्हणशील — मी येतो. एकदा तरी. तू दर वेळी म्हणतोस, तू कधी येतेस."

मी धक्क्यावर किती वेळा उभा राहिलोय! वाट बघणारा मी, असंच धरून चाललो होतो. तीही तिकडे बघत बसली असेल, हे डोक्यात आलंच नाही.

"तुला हे आधी नाही सांगता आलं?" मी विचारलं.

"मागून घेतलेलं मला नको होतं."

बसमध्ये शेजारी बसलो. अर्ध्या वाटेत तिनं हात माझ्या खिशात घातला, थंडीमुळे म्हणाली.

सोमवार, २० नोव्हेंबर

सासूबाईंना सांगायला गेलो. त्यांना माहीत होतं. दोघी मायलेकी!

"आई, नोकरी नाहीये तिकडे. तरी जाऊ का?"

"मला काय विचारतोस? मी काय तुझी राउड बाई आहे?"

"तुम्हाला सोडून जायचं म्हणजे—"

"हे बघ. माझा नवरा समुद्रावर असायचा. मी तीस वर्षं चहा ठेवला की दोन कप काढायचे. सवयीनं. ते काही प्रेम नव्हतं, नुसती सवय. तुम्ही दोघं सवयीवर दिवस काढताय." मग लगेच तोंड फिरवून, "आणि लाकडं एप्रिलपर्यंतची फोडून जा. पोकळ शब्द देऊन जाऊ नकोस."

बाहेर आल्यावर आतून भांड्याचा आवाज जरा जास्तच आला.

शुक्रवार, १ डिसेंबर

राजीनामा दिला. राउड बाई म्हणाल्या, "आत्ता? नवीन सॉफ्टवेअर बसायच्या वेळी?" मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "माझे यजमान स्वीडनला असतात. अकरा वर्षं झाली." मला हे ठाऊकच नव्हतं. सही करताना त्यांनी मान वर केली नाही.

गुरुवार, १४ डिसेंबर

त्रीनू आली होती. मध्ये घालायचा प्रोग्राम तिनं लिहिलाय. प्रयोगशाळेची यंत्रं दोन मिनिटं थांबतात, फाईल घेतली जाते, यंत्रं परत सुरू. पिरेत म्हणाली, "मला तर कळलंसुद्धा नाही!"

मग मोकळ्या मशीनवर उभा केला. काळा पडदा, कसली खूणबीण नाही. प्रोग्राम उघडला, एका नावावर गेलो — आकडे. दुसऱ्यावर — आकडे. मग लेइदा. सगळे पंधरवडे एकाखाली एक, पार मागच्या वर्षापर्यंत. शेवटचा दोन पूर्णांक चार. छान आहे म्हणे. पिरेतनं सांगितलं.

त्रीनूला विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं ना, वक्काचं?"

"अंदाज होता."

"मग बोलला का नाहीत?"

"मी विकायला आले होते. माझं कुणी खरं मानलं असतं?"

तिला बसपर्यंत सोडलं. नव्या माणसाला किल्ल्या दिल्या, टेपचं कपाटही दाखवलं.

रविवार, २४ डिसेंबर

तिघं एकत्र. रक्ताची सॉसेजं, आंबवलेला कोबी, सासूबाईंचा हात नेहमीसारखा सढळ. माइरेनं आईला तिकडच्या लोकरीची चादर दिली. "मेंढी कुठली?" सासूबाईंनी विचारलं, "फिनलंडची? मग टोचणार." रात्रभर अंगावर घेऊन बसल्या.

मंगळवार, २ जानेवारी २००७

बोटीत. लाकडं एप्रिलपर्यंत नाही झाली. मार्चपर्यंत झाली. सासूबाईंनी मोजली. फाटकापर्यंत आल्या, टोपी न घालता. मी वळून हात केला तर त्या पायरीकडे बघत होत्या, जी मी मोडली म्हणतात.

माणूस एकीकडे पोचायला निघाला की दुसरीकडून निघालेला असतो, हे आज कळतंय.

गुरुवार, २५ जानेवारी. हेलसिंकी

सज्ज्याचं घर हातचं गेलं. तिच्या त्याच एका खोलीत आहोत. कॉम्प्युटरचं काम मिळेपर्यंत पाव भाजायच्या कारखान्यात लागलोय, रात्रपाळी. माइरेची दिवसपाळी. आठवडाभर एकमेकांना जागं असं बघितलेलं नाही. पहाटे मी जिना चढतो तेव्हा ती नुकतीच निघून गेलेली असते. अंगाला पिठाचा वास घेऊन तसाच पडतो. तिच्या बाजूची गादी अजून गरम असते.